चाळीस मीटर, फेब्रुवारी

काल्यू हापसालूहून विचारतो: ऐकू येतं का?
तो तिकडे, मी हिउमा बेटावर,
मधे पंचवीस किलोमीटर गोठलेला समुद्र
आणि त्यावरून या वर्षी गाड्या जाताहेत, पट्टे न बांधता.
फोनवर विचारतो, कारण रेडिओवर
त्याचा एक वॉट माझ्यापर्यंत
भिंतीपलीकडून कुणी नखानं खरवडल्यासारखा येतो,
तोही मी श्वास रोखला तर.

तीन आठवडे जुळवला हा संच.
बंदराच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं मी बोटींचे आवाज घेतले,
वादळातले, दारू प्यालेले, एकदा एक रडणारा;
आणि आता तळहाताएवढं हिरवं कार्ड
मला ऐकू देत नाही.

मग सुरुवातीपासून.
बॅटरी: बारा पूर्णांक चार. ठीक.
बर्चच्या झाडाला बांधलेली तार
जुन्या रशियन संचाला लावली
तर अख्खा युरोप बडबडायला लागला.
म्हणजे आडात पाणी आहे, पोहराच गळतोय.
आवाजाच्या बटणाच्या मधल्या पायाला
स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं: गुंऽऽ.
शेवटचा भाग जिवंत.
राहिला दरवाजा, जिथून अँटेना आत येते:
दोन कॉइल, दोन ट्रिमर.
पहिला फिरवला की आवाज फुगतो, ओसरतो.
दुसरा फिरवत राहा, काही नाही,
कुलूपच नसलेली किल्ली.

मीटरचा पडदा थंडीत मरगळतो,
म्हणून मी तो पिपाणीवर ठेवते:
तार सलग असेल तर वाजतो, तुटली असेल तर गप्प.
दुसऱ्या कॉइलला लावला. गप्प.
सापडलं, म्हटलं.
खात्रीसाठी पहिलीला. गप्प.
जमिनीच्या पट्टीला. गप्प.
शेवटी दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या.
गप्प.

मीटर मेला, म्हणून सेल आणायला उठले,
तर खिडकीतल्या मीसूचे दोन्ही कान माझ्याकडे वळलेले.
सुया वेगळ्या केल्या. कान परत समुद्राकडे.
टेकवल्या. इकडे.

जरा वेळ बसून राहिले.
बर्फावरून कुणाची तरी गाडी गेली असावी, दिवे दिसले.
माझं नाव वाइके. आमच्यात त्याचा अर्थ शांत;
आईनं मोठ्या आशेनं ठेवलं होतं.

मग मांजराला समोर घेऊन सगळं पुन्हा तपासलं.
पहिली कॉइल: कान.
जमीन: कान.
दुसरी कॉइल:
मीसू पंजा चाटत बसली.

तारेवरचं वार्निश तसंच राहिलं होतं.
घाईत मी वरूनच डाग दिला होता;
दिसायला चकचकीत, आत स्पर्शच नाही.
(अशा एकाशी मी सहा वर्षं संसार केलाय,
ओळखायला हवं होतं.)
ब्लेडनं तांबं उघडं केलं, पुन्हा कथील, नाकात धूर.
ट्रिमर हलवला आणि एका जागी
पट्टा उघडला, पत्र्यावर राय ओतावी तशी खरखर,
आणि तिच्यात काल्यू.

होता, पण काठाकाठानं.
आठशे हर्ट्झचा सूर खाली आणत आणत
साडेचारशेवर ठेवला,
जिथे माझे कान अजून राहतात.
तिथे तो स्वच्छ उभा होता
त्याच्या जुन्या खोडीसकट, प्रत्येक डॅश जरा जास्तच लांब,
बोलतानाही तो असाच.

त्याला आकडे दिले: पाच, सात, नऊ.
काय बिघडलं होतं, त्यानं विचारलं.
कॉइल, मी पाठवलं.
दुसरं तसंच राहू दिलं.
मोर्समध्ये एवढं लांब कोण लिहितं,
आणि साक्षीदार तोवर झोपली होती.