दोन कोटेशनं

स्वरूपानं अटलांटाहून दोन कागद धाडले.
सेलूच्या मोंढ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून ते छापून आणले,
मोबाइलवरची बेरीज मला पटत नाही.

एका कागदावर हॉटेल. कॅरिबियन का कायसा समुद्र,
त्याच्या अगदी ओट्यावर. सात रात्री,
खाणं, पिणं, छत्री, खुर्ची, सगळं त्यातच आलं.
मनगटाला पट्टा बांधतात म्हणे,
पट्टा दाखवला की ताट.
चौघांचे चौसष्टशे डॉलर.

दुसऱ्यावर घर. दोन खोल्या, गॅस, कढई, फ्रिज.
बाजार तुमचा, हात तुमचे.
भाडं एकवीसशे, किराणा धरा सातशे,
टॅक्सी तीनशे,
दोनदा बाहेर जेवलो तर अडीचशे.

लग्नाचे अंदाज काढतो त्याच पिवळ्या वहीत
मी रकाने पाडले. रुपये केले.
अडीच लाखाच्या वर फरक.
तेवढ्यात इकडं एक साधं लग्न उठतं,
वरमाय रुसली तरी.

हे गणित मला कुणी शिकवू नये.
एकतीस वर्षं हेच दोन दर सांगत आलो:
पानामागं इतके, नाहीतर
साहित्य तुमचं, मजुरी माझी.
पानाचा दर ठरला की जिलबी आधी फिरते,
पुऱ्या फुगतात जरा जास्त,
श्रीखंडाची पळी लहान निघते.
आणि तीनशे पानं सांगितलेली असतात,
जेवतात दोनशे ऐंशी.
त्या वीस न जेवलेल्या पानांवर
स्वरूपाची इंजिनिअरिंगची फी भरली मी.
खोटं कशाला बोलू.

म्हणून पट्टा मला लगेच कळला.
आम्ही दारू घेत नाही, मासा खात नाही,
रात्री आठला अर्धी भाकर.
तिथं आम्हीच ती वीस पानं.
आमच्या न पिलेल्या ग्लासांवर
कुण्या आचाऱ्याची पोरगी शिकली असती
तर शिकू दे म्हणलं असतं.
पण हॉटेल काही आचाऱ्याचं नसतं.

मंदोदरीला म्हणलं, घर घेऊ. पिठलं मी टाकीन.
ती झारे मोजायली होती.
वाटूरच्या लग्नातून दोन कमी आलेले.
मान वर न करता म्हणली,
"मजुरी कुठं लिहिली?"

वही बघितली.
किराण्याखाली टॅक्सी, टॅक्सीखाली बेरीज.

"लोकाला तर आधी मजुरी सांगता."

मग बराच वेळ नुसता झाऱ्यांचा आवाज.
एक सापडला, परातीखाली.

"एकतीस सालात," ती म्हणली,
"एकाबी लग्नात पंगतीला बसले नाही मी.
मांडवाच्या मागं, उभ्यानं,
पातेलं खरवडून.
मला कुणीतरी वाढावं.
आग्रह नाही केला तरी चालंल.
सात दिवस जाळ दिसू नाही डोळ्याला."

मी वहीचं मागचं पान काढलं.
वाढायला बाई लावली असती तर पाचशे रोज.
सालाची चाळीस लग्नं.
गुणिले एकतीस.
सहा लाख वीस हजार.
भांडी धरलीच नव्हती त्यात.
पान उलटून ठेवलं.

रात्री स्वरूपाचा फोन: "बाबा, काय ठरलं?"
म्हणलं, पट्ट्याचं.
ती हसली. "तुम्ही? पर प्लेट?"

मंदोदरीनं फोन ओढून घेतला.
"अगं, एक दिवस मागच्या दारानं
आत जाऊ देतेत का विचार.
त्यांचं पातेलं केवढं असतं
तेवढं बघायचं मला. दुसरं काई नाही."

मला ईसाराचं विचारायचं होतं, किती द्यावा लागतो,
अन् मोडलं तर परत मिळतो का.
पण त्या दोघी पातेल्यावरच बोलत बसल्या
आणि दुसरा झारा काही सापडला नाही.