झाकणं

डब्यांचा हिशोब कुणीही ठेवील, तेल्मो.
मी तुला झाकणांबद्दल सांगते आहे.

बस. ही खुर्ची डगमगते, डावीकडे रेलू नकोस.
या कपाटात बत्तीस वर्षांची बिलं आहेत
आणि ही वही, जी ऑडिटवाल्यांना दाखवायची नसते.

लिस्बनला तुला शिकवलं असेल
की गोदामात पडलेला माल म्हणजे झोपलेला पैसा.
खरं आहे. मलाही तेच सांगायला
दोन मुलगे आले होते, चकचकीत बुटांतले,
मासळीच्या पाण्यातून जपून पाय टाकत.
त्यांनी फळ्यावर बाण काढले:
झाकण सकाळी येणार, दुपारी डब्यावर बसणार,
मध्ये कुठे टेकणारच नाही.
अँसेल्मोने जमवलेले चौदा ढीग
त्यांनी भंगारात काढले.
अँसेल्मो काही बोलला नाही.
टोपी काढली, पुन्हा घातली.

तशी मी काही भाबडी नव्हते.
एक पुरवठादार विगोचा, दुसरा पार्माचा.
इकडे संप झाला तर तिकडून,
तिकडे घाट बर्फाने बंद झाला तर इकडून.
निर्धास्त झोपायचे मी.

मग त्या जुलैत
नावही न ऐकलेल्या एका नदीच्या काठी
नावही न ऐकलेला एक कारखाना जळाला.
झाकणाच्या आतल्या अंगाला
एक पातळ सोनेरी लेप असतो बघ,
नखाने खरवडलास तरच कळेल,
तो तिथे शिजायचा.
विगोवाल्याचाही. पार्मावाल्याचाही.
घराला दोन दारं ठेवली होती मी,
दोन्ही एकाच बोळात उघडत होती.

विगोहून फोन आला सोमवारी.
पार्माहून आलाच नाही, मी केला.
पलीकडची बाई म्हणाली, सिन्योरा, वाट पाहा.
मी पाहिली असती.
सार्डिन पाहत नाही.

आणि नेमकी त्याच पहाटे लिलावात मासळी अशी उतरली
जशी नऊ वर्षांत उतरली नव्हती,
चरबी धरलेली, पाठीवर निळी.
बायका टेबलांशी उभ्या, हातात कात्र्या.
एर्मेलिंडाने विचारलं, सुरू करू?
तेल होतं. मीठ होतं. वाफ धरली होती.
रिकामे डबे छताला टेकलेले.
झाकणं अडीच दिवसांची.

अडला हरी गाढवाचे पाय धरी;
मी पेनिशच्या काल्देइराचे धरले,
ज्याच्या मालाला मी भर बाजारात नावं ठेवायचे.
दिली त्याने थोडी. दुप्पट भावाने,
आणि वर एक वाक्य फुकट,
ते तुला सांगणार नाही.
तरी अकरा दिवस यंत्र गप्प राहिलं.
होड्यांनी मासळी खतवाल्याला घातली.
एर्मेलिंडा पोर्तोच्या एका हॉटेलात चादरी बदलायला गेली
ती परत आलीच नाही.
तिच्याइतकी सरळ शेपटी कुणी कापत नाही अजून.

पुढे कधीतरी, मातोझिन्युशमागच्या टेकडीवर
एका खुराड्याचं छप्पर पाहिलं मी,
माशाच्या खवल्यांसारखी
एकावर एक ठोकलेली झाकणं, आमचीच, कंपनीच्या शिक्क्यासकट.
खाली कोंबड्या. कोरड्या ठणठणीत.

तेव्हापासून ही वही.
जो माल देतो त्याला विचारते, तू कुणाकडून घेतोस?
आणि तो?
चिडतात. म्हणतात, बाई, तुला डबे बंद करायचेत की लग्न जुळवायचंय?
पण लिहिलंय बघ: कुठला पूल जुना,
कुठल्या बंदरात कुणाचा मेहुणा,
कोणाचा बॉयलर किती सालचा.
तिसऱ्या घरापुढे मात्र पानं कोरीच आहेत.
कितीही विचार, कुठेतरी एक माणूस खांदे उडवतो.

सहा आठवड्यांची झाकणं ठेवते मी.
ते विचारतील कशाला.
तुझं उत्तर तू शोध.

ऊठ, ट्रक लागला दाराशी.
खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस.
फोड, आणि मोज.