घर लागलं काय

समोरच्या आक्काताई चौगुले
दुधाची किटली घेऊन जिना चढताना
रोज विचारतात, "लागलं काय घर?"
मी म्हणते, लागतंय हळूहळू.
खरं तर अकरा खोकी अजून तशीच आहेत.
एकावर नाशिकच्या टेम्पोवाल्यानं लिहिलं होतं
'किचन, नाजूक'
आणि त्यातून निघाले मंदारचे सेफ्टी बूट.
आता त्या खोक्यात सावी बसते,
वय वीस महिने,
वरणभात तिथंच खाते, दुसरीकडे तोंड उघडत नाही.

घर तसं वाईट नाही.
कळंब्याच्या बाजूला, दुसरा मजला.
मगदूम मालकांनी भिंतींना पिस्ता रंग दिलाय
आणि डिपॉझिट मोजताना म्हणालेत,
"पोरगी ल्हान हाय, तेवढं भिंतीचं बघा."
बाथरूमचं दार लागत नाही.
गॅसला नंबर लागलेला नाही.
शिरोलीच्या फाउंड्रीत मंदारला रात्रपाळी लागलीय,
आणि मला झोप लागते न लागते
तोवर रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात
मोठ्ठ्यानं गाणी लावून.
सावी अंधारात उठून बसते.
"टॅट्टर."
हो गं, ट्रॅक्टर. झोप.
दुसरा जातो.
"टॅट्टर."
सातव्यापर्यंत मीही मोजते.

दिवेलागणीला ती चपला घेऊन येते,
एक माझी, एक तिची,
आणि दाराशी उभी राहते.
"घली."
अगं हेच घर. ही बघ तुझी गादी, हा तुझा हत्ती.
ती हत्ती काखेत मारते.
"घली."
पहिल्या आठवड्यात समजावलं,
दुसऱ्यात ओरडले,
हल्ली मुकाट्यानं चपला घालते.
पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, कुत्र्याला हाड म्हणतो,
वळतो, त्याच जिन्यानं वर येतो
आणि मी दार उघडून म्हणते, "आलं घर!"
ती बघते.
तेच बटण. तीच खोकी. तोच पिस्ता.
काही न बोलता जाऊन खोक्यात बसते.

दुपारी दोन तास आक्काताई तिला नेतात,
मला खोकी उघडता यावीत म्हणून.
मी खोक्यांना पाय लावून झोपते.
तिकडं तिला गुळाची चटक लागली,
आणि बोलीची.
परवा हाक मारली तर समोरच्या दारातनं उत्तर आलं,
"आलो!"
आलो नाही गं, आले म्हणायचं.
"आलो."
आक्काताई पदर तोंडाला लावून हसल्या.
"आमच्यात बायकाबी आलोच म्हंत्यात की.
मी न्हाई व्हय म्हणत, येतो, जातो, भाकरी करतो?"
आईला फोनवर सांगितलं.
आई म्हणाली, वेळीच वळण लाव.

काल टेबलाचा कोपरा लागला तिच्या कपाळाला.
टेंगूळ आलं, सुपारीएवढं.
मी हात पसरून खाली बसले
आणि ती माझ्या बाजूनं
आक्का, आक्का करत दाराकडे धावली.
त्यांनी हळद लावली, फुंकर घातली, टेबलाला एक फटका दिला.
मी तिथंच बसून होते.
लागलं मलाही.
कुठं, ते दाखवता येत नाही.

आज दिवे लागले तरी चपला आल्या नाहीत.
सावी पेन्सिल घेऊन भिंतीशी,
पिस्त्यावर गोल गोल गोल.
थांबवायला हवं होतं.
माझा हात कणकेत.
तेवढ्यात खालून हाक,
"ओ वहिनी, गॅस आलाय!"
"आलो, आलो!"
कोण बोललं म्हणून मीच मागे बघितलं.
सावीनं मान वर केली नाही.

खाली जायला चपला सापडेनात.
दाराशी नाहीत, पलंगाखाली नाहीत.
सिलिंडरवाला दुसऱ्यांदा ओरडला.
मग दिसल्या, 'किचन, नाजूक'च्या तळाशी,
एक माझी, एक तिची,
वर हत्ती आडवा,
पांघरूण घालून.
मी अनवाणीच उतरले.