अकरा महिन्यांचं वर्ष

भाड्याच्या जगात वर्ष अकरा महिन्यांचं असतं.
हे मला फार उशिरा कळलं,
बावन्नाव्या वर्षी,
रावेतच्या एका टू बीएचकेचा हिशेब
एक्सेलमध्ये मांडताना.

गुंदेचांनी पाठवलेल्या कागदावर
एकोणीस हजार गुणिले बारा होते.
मी बाराचे अकरा केले.
बाराव्या महिन्यात कुणीतरी सामान हलवतं,
कुणीतरी भिंतींना रंग लावतं,
आणि गुंदेचा आपलं एक भाडं घेऊन जातात.
"एक दिवस रिकामा राहणार नाही मॅडम, मेट्रो येतेय."
गुंदेचांच्या बोलण्यात मेट्रो कायम येतच असते.

किंमत अठ्ठावन्न लाख,
स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, वकील धरून बासष्ट.
मेंटेनन्स महिना अठ्ठावीसशे, तो मात्र बारा महिने,
सोसायटीचं वर्ष पूर्ण असतं.
घरपट्टी वजा केली, आणि हातात उरले
पावणेतीन टक्के, तेही भरत नव्हते.
"हे तर बचत खात्यासारखं झालं,"
नंदकिशोर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला.
मग म्हणाला, "भाडं वाढेल ना दरवर्षी. टाक पाच टक्के."

टाकले.
शीट एकदम गुणी मुलीसारखी वागायला लागली.
दहाव्या वर्षी साडेएकोणतीस हजार.
विसाव्या वर्षी अठ्ठेचाळीस,
तेव्हा मी एकाहत्तरची, गुडघे बदललेली,
आणि दर पाच तारखेला उशाशी मोबाइल टिंग करतोय.

रविवारी फ्लॅट बघायला गेलो.
आत भाडेकरू होती, शिवलीला बिरादार, उदगीरची,
हिंजवडीत टेस्टिंगला.
नवरा रात्रपाळी करून लहान बेडरूममध्ये झोपलेला,
म्हणून ती खोली बघितली असं धरलं.
तिने चहा टाकला. न विचारता सांगितलं,
"मे महिन्यात टँकर लागतो काकू, नऊशे वेगळे."
माझ्या शीटमध्ये पाण्याला ओळच नव्हती.

फ्रिजवर, लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली,
चौकटीच्या वहीचं पान.
भोसरीत सत्तावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत,
दुसऱ्याचा हिशेब मला उलटासुद्धा वाचता येतो,
हा तर सुलटा होता.
उदगीरला आठ. भिशी पाच.
डाउन पेमेंटसाठी बाजूला अकरा.
आणि भाड्याच्या रांगेत, वर्षामागून वर्ष,
एकोणीस, एकोणीस, एकोणीस,
सातव्या वर्षापर्यंत.
त्याखाली दोनदा गिरवलेलं गोल,
गोलात 'स्वतःचं'.

माझे पाच टक्के आणि तिचं शून्य
एकाच स्वयंपाकघरात, कपबशा हातात घेऊन उभे.
बेरजा दोन्ही बरोबर होत्या. मी मनात तपासल्या.
खरी मात्र त्यातली एकच होऊ शकते.

"तुम्ही घेतलात तर आम्हाला ठेवाल ना?"
"बघू," मी म्हणाले.
पुण्यातल्या 'बघू'चा अर्थ
उदगीरच्या माणसालाही दोन वर्षांत कळतो.
तिने कप उचलून घेतले.

रात्री पाचच्या जागी शून्य टाकून पाहिलं.
नुसतंच, पाहण्यासाठी.
चाळीस लाखांचा हप्ता चौतीस हजार सातशे,
भाडं एकोणीस, एकोणीस, एकोणीस.
खालचे आकडे लाल होत होत
पडद्याबाहेर गेले.
तीन टाकले. दोन टाकले. परत पाच.
दर वेळी कुणाची तरी सात वर्षं
आठ होत होती, दहा होत होती,
आणि ते कुठल्याच चौकटीत दिसत नव्हतं.

"किती आले?" नंदकिशोरने आतून विचारलं.
"थांब, टँकर राहिलाय."

मधे एक नवी ओळ घातली.
टँकर, मे, नऊशे.
कर्सर लुकलुकत राहिला.
ती ओळ कुणाच्या खात्यावर लावायची,
एवढंच लिहायचं होतं.