फुलेवाडी नाका

टीव्हीसमोर फरशीवर चार चौकोन,
मी चिकटपट्टीनं आखलेले.
पडद्यावर फुगा येतो, लाल.
"आबा, डावा पाय."
आबा उजवा टाकतात
आणि वर हात करून
नसलेला दांडा धरतात.

एकोणतीस वर्षं केएमटीत कंडक्टर.
माझं नाव गेलं दिवाळीच्या आसपास.
गुण: सात.

मग मी फुगा सोडून देते,
ओरडते, "गंगावेस!"
डावा पाय बरोबर चौकोनात.
"रंकाळा!" उजवा.
"पुढं सरका, पुढं सरका," म्हणतात,
बनियन घामानं भिजलेलं.

फुलेवाडी नाक्याला थांबून विचारतात,
"ताई, तिकीट?"
पास आहे, मी म्हणते.
"दाखवा."

तळहात पुढं करते.
उलटासुलटा करून बघतात,
"पुढच्या महिन्यात संपतोय बघा."