पांढरी पाच, काळी चार

बर्फ फॅक्टरीतली माझी पाळी रात्री दहाची.
कॉम्प्रेसर चालू करायचा, अमोनियाचा वास हुंगून बघायचा,
काटे वहीत उतरवायचे
आणि मग शटरकडे पाठ करून सॅक्सोफोन.

इनास सोज गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं तो मला दिला,
उभादांड्याहून रिक्षातून, पोरासारखा मांडीवर घेऊन आली होती.
सोबत एक वही. बोटीवरच्या बँडातली वीस वर्षं
पेन्सिलीनं आकड्यांत लिहिलेली:
एक दोन तीन पाच.
चार गाळायचा. का, ते लिहिलेलं नाही.

एक दोन तीन पाच, दोन तीन चार सहा,
वर जाऊन खाली, मग अर्ध्या सुरानं सरकून पुन्हा.
बाबांचे भजनातले पलटे मला पाठ होते,
वाटलं, सोपं आहे, सारेगम उलटसुलट तर करायचं.
पण पलट्याला घर असतं.
याला दर चार ठोक्यांनी बिऱ्हाड हलवावं लागतं,
चूल, भांडीकुंडी, सगळं घेऊन,
आणि नव्या जागी पाय ठेवताच
जणू इथेच जन्मलो असं वागायचं.

आर्पेजो म्हणजे माडावरच्या खाचा.
मधलं खोड कुणी मोजत नाही,
पाय खाचेतून खाचेत.
एक तीन पाच सात. सातवर वारा लागतो.
डिमिनिश्डचं वेगळंच: चार दारांचं घर,
कुठल्याही दारानं शिरा, परसात निघता,
आणि परस तेच.
वहीत तिथं एकच शब्द आहे, सावकाश.

उमाजी गिरप पहाटे तीनला बर्फाला येतो.
तीन महिने हेच ऐकतोय.
"ताच ताच काय वाजयतस रे? एकादा गाणा येणा नाय तुका?"
येत नाही, मी म्हणतो. खरंच येत नाही.

अडचण त्याला कशी सांगू?
कॉम्प्रेसर गुणगुणतो
पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत.
बारापैकी एकाही पट्टीत बसत नाही.
रोज रात्री मी त्याच्याशी बारा वेळा भांडतो,
दर वेळी वेगळ्या बाजूनं,
आणि तो एकाच सुरात, काही न ऐकता.
त्यात खाऱ्या हवेनं पॅड फुगलेले, रीडच्या टोकाला चीर.

मंगळवारी लाईट गेली.
बंदरावरच्या लाटा ऐकू आल्या. इतक्या जवळ होत्या?
जनरेटर खोकला, बंद पडला, मग धरला.
कॉम्प्रेसर सावकाश उठला
पण थोडा मागेच राहिला, दम कमी पडल्यासारखा,
आणि सरळ पांढऱ्या पाचवर येऊन बसला,
कुणी शेजारी खुर्ची ओढून बसावं तसा.

बोटं एक दोन तीन म्हणाली
आणि पाच न म्हणता खाली उतरली,
वहीत नसलेल्या सुरावर. चूक.
मी पुन्हा तिथंच गेलो, मुद्दाम.
दुसऱ्यांदा तो तितका चुकीचा राहिला नाही.
तिसऱ्यांदा त्याच्या अलीकडेच थांबलो
आणि तो यायची वाट बघत राहिलो.
सातव्या पानावरच्या खाचा, चौथ्या पानावरचं बिऱ्हाड,
मधेच बाबांचा एक पलटा, कुणी बोलावलं नसताना.
किती वेळ, माहीत नाही.
काट्यांच्या वहीत दोनचा रकाना कोरा आहे.

लाईट आली. यंत्र सरकत वर गेलं, आपल्या फटीत.
काय वाजवलं ते आठवून बघितलं.
तीन सूरही सापडेनात.

उमाजीनं लादी दिव्याखाली धरली.
मधोमध गोठलीच नव्हती,
पोटात पाणी हलत होतं.
"ह्यो बरफ कच्चो आसा."
अर्ध्या भावानं दिली, उरलेले पैसे पगारातून कापतील.
तो गेला तसं मी रीड बदललं.
पान नऊ. ए फ्लॅट.
एक दोन तीन