निखारे कूलर्स

आमचं आडनाव निखारे
आणि धंदा कूलरचा.
पहिल्या दिवशी वर्गात ओळख दिली तर
प्राध्यापकसुद्धा हसले,
म्हणाले, ब्रँडिंग तुमच्या आजोबांनीच करून ठेवलंय.
आजोबांनी काही केलं नव्हतं.
पेंटर पाटीचे पैसे अक्षरावर लावत होता,
म्हणून पुढचं 'अँड सन्स' राहून गेलं.
बरंच झालं. झाले एकटी मी.

कॉलेज मिहानकडे. बाहेरून काचेचं, आतून थंडगार.
बाबांनी भरलेल्या फीमधले काही हजार
त्या एसीचेच असणार.
संध्याकाळी खापरीला बसायचं,
सीताबर्डीला मेट्रो बदलायची,
प्रजापती नगरला उतरलं की गरम पत्र्याचा वास
आपोआप पुढे होऊन आमच्या शेडपर्यंत न्यायचा.
तिथे असगरभाई पंप कानाला लावून बसलेले,
हा दोन सीझन, हा जूनच्या आत जाणार.
मी त्याला 'टॅसिट नॉलेज' असं लिहिलं.
मला दोन मार्क मिळाले.
असगरभाईंना त्याच दिवशी पगार मिळाला, अर्धा.

प्रोजेक्टला घरचाच धंदा घेतला.
एकोणीस लाल वह्या लॅपटॉपमध्ये चढवायला बसले
तर 'उधारी'च्या रकान्यात माणसं मावेनात:
हनुमान नगरच्या बाई, जुना पंप परत, बाकी शून्य समजावे.
डोंगरे मास्तर, दोन हप्ते, मुलीचं लग्न उरकल्यावर.
कॉर्नरवाला सलून, पैसे नको, बाबांची दाढी.
'समजावे'चा फॉर्म्युला
मी रात्री दोनपर्यंत शोधत होते.

मग बेरीज केली. तीनदा केली.
एसी दर वर्षी स्वस्त, तोही हप्त्यावर.
पत्रा महाग. हंगाम चार महिन्यांचा, पगार बाराचे.
आणि शेडपेक्षा शेडखालची जमीन
कितीतरी मोठी माणूस.
शेवटच्या स्लाइडवर एकच ओळ आली.
ती मी कॉलेजात दाखवली, टाळ्या पडल्या.
घरी दाखवायला मला नऊ दिवस लागले.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
स्लाइड पाहिली,
काही न बोलता माळ्यावर गेले
आणि दोन हजार चौदाची वही घेऊन उतरले.
शेवटच्या पानावर, उलट्या बाजूनं, पेन्सिलनं
माझीच मांडणी.
माझाच ताळा, त्या वर्षीच्या भावानं.
"पण तू गवत धरलंच नाही व," म्हणाले,
"सव्वाशे कूलरचं गवत. अकरा हजार तिथंच गेले."

मग काहून चालवून राहिले होते इतकी वर्षं?

आई आतून भांड्यांचा आवाज करत होती, तो थांबला.
बाबा वहीची दोरी गुंडाळत राहिले.
"सुरू कसं करायचं ते बापानं दाखवलं होतं.
बंद कसं करतात, हे आमच्यात कोणाले येतच नाही.
असगरले कोणत्या तोंडानं सांगू?
तुले शिकवलं ते गादीवर बसवायले नाही, माय.
म्हटलं, तिकडे शिकवत असतील."

तिकडे शिकवत नव्हते.
सुरू करायचे तीन पेपर होते,
वाढवायचे सात.
बंद करायचा एकही नव्हता,
ऑप्शनलसुद्धा नाही.

शनिवारी पदवीदान आहे. काळा झगा भाड्यानं मिळतो,
चव्वेचाळीस डिग्रीत.
बाबा विचारत होते, हॉलमध्ये कूलर कुणाचे असतात?
मी म्हटलं, हॉल एसी आहे.
म्हणाले, हो का. मग स्वेटर घेऊन घे.

आज सकाळपासून फोन थांबला नाही.
अकराव्या फोनवरच्या बाई म्हणाल्या,
तुमचाच कूलर आहे, सासऱ्यांनी घेतलेला,
नुसता वारा येऊन राहिला, गारवा नाही.
बाबा जेवायला गेले होते.
असगरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पत्ता लिहून घेतला.
पंप तपासणी, एक बेल्ट, येणं-जाणं.
पावती फाडली.
मग परत जोडून, खाली बारीक अक्षरात,
गवताचे वेगळे लावले.